चार नंबरची बाटली

माझे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, बारमध्ये कामाला होते, हे आमच्या आईने नातेवाइकांना कधी धड सांगितलं नाही. "हॉटेलात आहेत," एवढंच म्हणायची. मी मात्र मुद्दाम सगळ्यांना सांगायचे. सदतीस वर्षं एकाच काउंटरमागे उभा राहिलेला माणूस, आणि स्वतः कधी चमचाभराच्या वर प्यायला नाही. यात लाज कसली आलीय?

त्यांचा हात बसला होता तो दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या थाटाच्या एका कॉकटेलवर. काळी रम, पांढरी रम, थोडी ब्रँडी, संत्र्याचा नि लिंबाचा रस, आणि चेहरा कोरलेल्या मातीच्या पेल्यात ठेचलेला बर्फ. पण खरी गोम होती बाटल्यांत. असल्या बारमधून कृती चोरीला जातात, म्हणून सरबतं नि अर्क स्वतः बनवून बिननावाच्या बाटल्यांत भरायचे, वर नुसता आकडा टाकायचा. हाताखालच्या माणसाला एवढंच माहीत, की दोनचे दोन चमचे आणि चारचे सहा थेंब. चारमध्ये काय, ते भाऊजींच्या पोटात.

बरं, बारमध्ये एक वेळ ठीक आहे. पण दर रविवारी, सुट्टीच्या दुपारी, हे गृहस्थ ताईसाठी तोच पेला बनवायचे, तेव्हाही तिला तिच्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढायचे. ताईने विचारलं तर म्हणायचे, "घरचे भेदीच वाईट." ती रुसायची, आणि मग तो पेला दोन्ही हातांत धरून तासभर पुरवून पुरवून प्यायची.

दोन वर्षांपूर्वी भाऊजी विसरायला लागले. आधी चाव्या, मग रस्ते, मग माणसं. आणि गेले दोन महिने, जन्मभर 'अगं' म्हणणारा हा माणूस ताईला 'बाई' म्हणायला लागला. "बाई, तुमचा चहा झाला का?" असं अदबीने विचारायचे. ताई न्हाणीघरात जाऊन रडायची. मला राग यायचा, पण काढायचा कोणावर?

"ती चव ते विसरणार नाहीत," ताई एके दिवशी म्हणाली. "तो पेला पुढ्यात ठेवला ना, तर मला ओळखतील."

"डॉक्टरांनी दारूला शिवायचं नाही म्हणून सांगितलंय. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी तिला फैलावर घेतलं.

"एक थेंब गं. एकदा 'अगं' म्हणू देत, मग काही मागणार नाही मी."



शेवटी रविवारी मीच रम-ब्रँडी घेऊन गेले. भाऊजींच्या घरातल्या बाटल्यांपैकी एक ते तीनचा वासावरून अंदाज आला, बदाम, दालचिनी, मध. ती सरबतं आम्ही ताजी केली. चार मात्र कोरडी ठणठणीत, वाससुद्धा उडालेला.

ताई फडक्यात बर्फ गुंडाळून लाटण्याने ठोकत होती. आवाज ऐकून भाऊजी खुर्चीतून उठून आले.

"बाई, पीठ करायचंय का त्याचं? खडा राहिला पाहिजे." त्यांनी लाटणं काढून घेतलं. रम मोजली, ब्रँडी मोजली, लिंबू पिळलं, कुठेही हात अडखळला नाही. ताई श्वास रोखून उभी. भाऊजींनी स्ट्रॉ बुडवली, वरच्या टोकावर बोट दाबलं आणि एक थेंब जिभेवर सोडला.

"यात चार नाही," ते म्हणाले.

ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "चारमध्ये काय असतं हो?"

भाऊजींनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "कोणी पाठवलंय तुम्हाला? समोरच्या बारवाल्याने?"

"अहो, मी तुमची बायको."

"काहीतरीच काय." ते हसले, अगदी सभ्यपणे. "बायकोला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगेन होय? तिला सांगितलं तर ती आपली आपणच करून पिईल. मग आठवडाभर माझी वाट कशाला बघेल?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी तिला एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आज बोलले, ते परकी बाई समजून.

त्यांनी पेला सिंकमध्ये उपडा केला. "अर्धवट माल देत नाही मी कोणाला." हात धुतले, पुसले आणि चपला शोधायला लागले. "आज रविवार ना? निघतो मी. ती थांबली असेल."

"थांबलीय," ताई म्हणाली.

"मग जाऊ द्या मला."

याआधी दोनदा असेच बाहेर पडून ते हरवले होते. ते दाराशी पोचायच्या आत ताई पुढे झाली, तिने आतून कडी घातली आणि कडीवर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

"बाजूला व्हा ना बाई," भाऊजी विनवत होते, "माझी बायको एकटी आहे घरी."