निडलची कड

अमरावतीत इतवारा बाजाराच्या मागच्या गल्लीत सूर्यभानजींचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाची टिनाची खोली, एक लाकडी टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला भंगारातल्या जीपची सीट. बाहेरच्या पाटीवर लिहिलंय, ‘येथे फक्त जुन्या मोटारसायकलींचे कार्बोरेटर दुरुस्त होतात.’ त्यातला ‘फक्त’ त्यांनी पेंटरकडून मुद्दाम मोठा काढून घेतला. कुणी नव्या गाडीचं पंक्चर घेऊन आलं की ते पाटीकडे बोट दाखवतात आणि पुन्हा मान खाली घालतात. नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस एवढ्या तोऱ्यात एकेचाळीस वर्षं टिकला, कारण त्यांच्या हातून गेलेली राजदूत किंवा येझदी पुन्हा तीच तक्रार घेऊन आली, असं कधी घडलं नव्हतं.

आता ज्यानं कार्बोरेटर उघडा पाहिला नाही त्याच्यासाठी थोडं सांगायला हवं. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला पाजणारं ते डबडं. त्यात पेट्रोल पुरेसं भरलं की एक फ्लोट वर तरंगतो आणि त्याच्यावरची टोकदार निडल पेट्रोलचं भोक बंद करते. निडल नीट बसली नाही तर पेट्रोल भरतच राहतं आणि बाहेर वाहायला लागतं. एवढीशी गोष्ट, करंगळीच्या पेरापेक्षा लहान.

जुन्या गाड्यांचे असली भाग आता मिळत नाहीत. मिळतं ते रिपेअर किट. प्लास्टिकच्या पुडीत एक निडल, पेट्रोल मोजून सोडणारे एकदोन जेट, रबरी रिंगा आणि कागदी गॅस्केट. कुठल्या कारखान्यात घडवतात देव जाणे. बाकीचे मेकॅनिक पुडी फाडतात आणि आहे ते बसवून मोकळे होतात. सूर्यभानजी तसं कधीच करत नसत. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यावर ते किट मांडत, निडल उचलून तिचं टोक नखाखाली धरत आणि डोळे मिटून हळूहळू फिरवत. टोकावर केसाएवढी कड लागली तरी म्हणत, “हे नाई नांदनार,” आणि निडल डब्यात टाकत. दहातल्या तीन तरी जात. गिऱ्हाईक कुरकुरलं की वर सुनवत, “फुक मारून पाह्यली तं हे पास होते बाप्पा. पन गाडी घाटात थरथरली का मंग इचे गुन दिसतात.”

हे सगळं दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

साखर सूर्यभानजींना दहा वर्षांपासून होती. गोळी घ्यायची आणि जिलेबीही खायची, असा त्यांचा मध्यम मार्ग होता. मग बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. पुढे मुंग्याही थांबल्या तेव्हा त्यांना वाटलं, बरं झालं, गेलं दुखणं. एक दिवस किटमधली निडल नखाखाली धरली आणि काहीच लागलं नाही. दुसरी धरली, तिसरी धरली. सगळ्याच गुळगुळीत. एवढी चांगली किटं बाजारात कधीपासून यायला लागली, असं त्यांच्या मनात आलं आणि त्याच क्षणी पाचावर धारण बसली.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. भिंग विकत आणलं, पण भिंगात कड दिसली तर दिसायची, नाही तर नाही. मग ते सरळ निडल भोकात बसवून, फुंकर अडते का एवढं पाहून पास-नापास ठरवू लागले. फडकं मात्र पूर्वीसारखंच अंथरायचे, डोळेही तसेच मिटायचे. गिऱ्हाइकाला काय कळणार, आणि नशिबानं अजून कुणी परतही आलं नव्हतं. कळायचं ते त्यांचं त्यांना कळत होतं, आणि त्यामुळे अलीकडे ते जास्तच चिडके झाले होते.

मार्चमध्ये धारणीचा शेखर आला. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी, वडिलांची राजदूत मायेनं सांभाळलेली. आठ वर्षांच्या आचलचा चष्मा बनवायला अमरावतीला आला होता, तर म्हणाला, कार्बोरेटरही करून टाकू. सूर्यभानजींनी किट फोडलं, डोळे मिटले, निडल फिरवली, फुंकर मारली आणि बसवली. नवा चष्मा लावलेली आचल टेबलाला हनुवटी टेकून सगळं टक लावून पाहत होती. जाताना तिनं त्यांना हात हलवून टाटा केला.

चौथ्या दिवशी शेखर एकटाच आला, बसनं. हातातल्या कापडी पिशवीत कार्बोरेटर.

“काय झालं?” सूर्यभानजींनी विचारलं.

“काका, सेमाडोहच्या अलीकडे घाटात पेट्रोलचा वास याले लागला,” शेखर म्हणाला. “खाली पाह्यतो तं इंजिनावर टपटप चालू. इंजिन तापलेलं. अन् पोरगी मांगं बसून. तिच्या चपलेवर पेट्रोल उडालेलं होतं. पेट्रोलचा कॉक बंद केला, तिले उचलून लांब उभं केलं. मंग नाक्यापावतर गाडी लोटत नेली अन् तिथंच ठेवली. काई झालं नाई, देवाची कृपा. किटच खराब असन, नाई का?”

माणूस भांडायला आला असता तर सोपं गेलं असतं. हा तर स्वतःच वाट काढून देत होता. सूर्यभानजींनी मान खाली घातली आणि ते म्हणाले, “हो ना. आजकालच्या किटचं काई खरं नाई. उद्या दुपारी ये, करून ठेवतो.” शेखर बहिणीकडे मुक्कामाला गेला. सूर्यभानजींनी त्याच्या कार्बोरेटरमधली निडल काढून खिशात टाकली आणि चार वाजताच दुकान बंद केलं.

घरी मैनाबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. माहेर अकोल्याचं. लग्नाआधी सहा वर्षं तिथल्या दालमिलमध्ये डाळ निवडायच्या कामाला होत्या. अजूनही शेजारणीशी गप्पा मारत, सुपाकडे न पाहता खडा बाजूला काढतात. नवरा इतक्या लवकर आलेला पाहून त्यांनी विचारलं, “काहून, बरं नाई का?”

सूर्यभानजी समोर बसले. खिशातली निडल काढून पुढे केली. “इच्या टोकाले काई लागते का, पाह्य बरं.”

मैनाबाईंनी पदराला हात पुसले. निडल अंगठा आणि तर्जनीत धरून एकदाच फिरवली. “कड हाय ना इथं. चांगली खुपते. तुमाले नाई लागत?”

बस, एवढंच. एकेचाळीस वर्षांची अक्कड त्या एका प्रश्नानं खाली बसली. त्यांनी सगळं सांगितलं, मुंग्यांपासून चपलेवर उडालेल्या पेट्रोलपर्यंत. मैनाबाई ऐकत राहिल्या. धीर देतील असं त्यांना वाटलं होतं, पण बाई वऱ्हाडातली होती.

“लेकरू जळलं असतं,” त्या म्हणाल्या. “तवाई किटचंच नाव सांगतलं असतं का?”

दुसऱ्या दिवशी मैनाबाई त्यांच्याबरोबर दुकानात आल्या. एकेचाळीस वर्षांत डबा द्यायला यायच्या तेवढंच, तेही दारातूनच परतायच्या. सूर्यभानजींनी पाच किटं फोडली आणि निडल एकेक करून त्यांच्या हातात दिली. दोन त्यांनी बाजूला काढल्या. उरलेल्यांतली सर्वांत चांगली कोणती, हेही सांगितलं.

दुपारी शेखर आला. त्याच्या मागून दोन येझदीवाले आपापले कार्बोरेटर घेऊन आले. सूर्यभानजींना वाटलं, हे जातील मग बोलू. ते दोघं काही हलेनात. सीटवर बसून त्यांनी चहा मागवला. तेव्हा सूर्यभानजी तिघांच्या देखत उभे राहिले.

“शेखर, काल मी खोटं बोललो. किट खराब होतं, पन खराब किट पकडनं हेच माहं काम हाय. माह्या बोटाले दोन वर्षांपासून समजत नाई. मी नुसतं नाटक करून राहिलो होतो.”

येझदीवाल्यांपैकी एकानं आपला कार्बोरेटर मांडीवर ओढून घेतला.

“कालच काहून नाई सांगतलं?” शेखरनं विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा बदलला होता.

“भेव वाटलं. दुसरं काई येत नाई ना मले.”

शेखरनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही. आठ वर्षांच्या मुलीचा बाप होता, त्यानं म्हणावं तरी का? मैनाबाईंनी निवडलेली निडल त्यांच्याच हातून घेऊन सूर्यभानजींनी शेखरसमोर कार्बोरेटर जोडला. जेट, स्क्रू, गॅस्केट, सगळं जिथल्या तिथं. स्क्रू किती आवळायचा हे त्यांच्या मनगटाला अजून कळत होतं. जोडून झाल्यावर त्यांनी तो फडक्यानं पुसून पुढे केला.

शेखरनं तो हातात घेतला, पण पिशवीत टाकला नाही. सूर्यभानजींच्या खांद्यावरून त्यानं मागं बसलेल्या मैनाबाईंकडे पाहिलं.

“काकू, निडल तुमी पाह्यली ना?”

“मीनंच पाह्यली, बाबू. ने बिनघोर.”

मग कुठे शेखरनं कार्बोरेटर पिशवीत घातला. सूर्यभानजींना ते लागलं, फार लागलं. ज्या बोटांनी त्यांचं नाव झालं होतं ती तिथंच टेबलावर होती, आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. पण आज रात्री घाटाचा विचार न करता झोप लागेल, हेही त्यांना त्याच वेळी जाणवलं. येझदीवाल्यानं मांडीवरचा कार्बोरेटर अजून घट्ट धरून ठेवला होता. मग तो हळूच उठला आणि त्यानं तो टेबलावर ठेवला, मैनाबाईंच्या बाजूला.

सूर्यभानजींनी नवं किट फोडलं, निडल काढली आणि बायकोच्या हातात दिली.