माझ्या बाजूचा माणूस

बिलाबरोबर येणाऱ्या भाजक्या बडीशेपेचा वास आला की मला साताऱ्याजवळचं, हायवेवरचं ते हॉटेल आठवतं. एमआयडीसीत नवऱ्याचा हात मशीनमध्ये सापडला, त्याचं काम सुटलं आणि मी तिथं वाढायला लागले. पगार नव्हता, दोन वेळचं जेवण आणि गिऱ्हाईक देईल ती टीप, एवढंच ठरलेलं. त्या दिवशी नवऱ्याच्या गोळ्या संपल्या होत्या, सुजलेला हात धरून तो घरी कण्हत होता आणि दुपार झाली तरी मला कुणी काही दिलं नव्हतं. शेवटी एक रिटायर्ड फौजी जेवायला आले. मी रस्सा परत गरम करून आणला, भाकरी तव्यावरची वाढली. बिल देऊन ते तसेच उठले. लाज सोडून मी म्हणाले, “आवं, टीप देता का? आमाला पगार न्हाई.” ते ताडकन गल्ल्याशी गेले आणि मालकावर गरजले, “बाईला भीक मागायला लावता? पगार द्या तिला!” सगळं हॉटेल बघायला लागलं. मालक त्यांना हसून “व्हय साहेब” म्हणाला आणि मला म्हणाला, “उद्यापासनं येऊ नगंस.” मी पदरानं तोंड झाकून बाहेर आले. फौजी मागोमाग आले. “बाई, मी तुमच्या बाजूनंच बोललो की.” “बाजू नगं हुती वो,” मी म्हणाले, “गोळ्या आणायच्या हुत्या.” त्यांनी खिशातून नोट काढली. मी ती घेतली, पण त्यांच्याकडं बघवलं नाही. आता मी शाळेत खिचडी शिजवते, पगार मिळतो. ते बोलले ते खरंच होतं, हेही कळतं. तरी कुणी माझ्यासाठी आवाज चढवला की मी आधी हात जोडून त्याला गप्प करते.