वाहत्या पाण्याचा गोळा

“पाण्यावर निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारायचं नाही, सूनबाई. पण म्हणून गाफीलही राहायचं नाही. काठी कुठली नेली, आमिषाचा गोळा कशाचा मळला, आभाळ कसं आहे, एवढं बघून ठेवायचं. पाणी आपोआप कळतं.”

आप्पांनी, म्हणजे केतकीच्या सासऱ्यांनी, ती घरात नवीन असताना तिला हे बजावलं होतं. तिनं मान हलवली आणि खोलीत जाऊन नवऱ्याला म्हणाली, “रणधीर, तुझ्या आप्पांना सांग, हल्ली लोकेशन शेअर करता येतं.” दोघंही पोट धरून हसले होते.

आप्पा हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी गळ टाकायचे. चित्रकला निवृत्तीबरोबर संपली, गळ राहिला. घरातून निघताना कुणी चुकून ‘कुठं’ म्हणालंच, तर ते चपला काढून परत आत येत, खुर्चीत बसत, घोटभर पाणी पीत आणि मग नव्यानं निघत. विचारलं की गळ कोरडा येतो, ही त्यांची खात्री. गेल्या वर्षी ते गेले. पाण्यावर नाही, त्याच खुर्चीत, पेपर वाचता वाचता. जाताना गळाच्या काठ्या आणि ही रीत, दोन्ही लेकाला देऊन गेले.

आज त्या रितीनं केतकीचा जीव टांगणीला लावलाय.

रणधीर पहाटेच बाहेर पडला. “येतो,” म्हणाला. “ये,” म्हणाली. संपलं. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला, की घाटावर पावसाचा जोर आहे, धरणातून आज पाणी सोडणार, नदीच्या पात्रात कुणी थांबू नये. तेव्हापासून ती फोन लावतेय आणि फोनमधली बाई प्रत्येक वेळी त्याच गोड आवाजात तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर असल्याचं सांगतेय. आणि लोकेशन? सकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाजवळ दिसलेलं निळं टिंब अजून तिथंच चिकटून बसलंय.

तिच्या दंडावर रेवा झोपलीय. दात येताहेत, अंग गरम आहे, तीन रात्री मायलेकींनी जागून काढल्यात. हात हलवला तर पोर उठेल. केतकी तिच्या छातीचं वरखाली होणं बघत राहते. वर. खाली. डोळे मिटायचे नाहीत, ती स्वतःला सांगते. पंख्याचा आवाज लांब जातो, मग आणखी लांब. वर. खाली. स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं वाजवतंय.

“चहा टाकू नकोस, मी पिऊन आलोय,” आप्पा म्हणतात.

ते ओट्याला टेकून उभे आहेत. पायजमा घोट्यापर्यंत दुमडलेला, कारण स्वयंपाकघरात घोटाभर पाणी आहे. केतकीला त्याचं काही वाटत नाही. रेवा तिच्या कडेवर आहे आणि अजिबात जड नाही.

“आप्पा, बरं झालं आलात. रणधीर कुठं आहे?”

आप्पांचा चेहरा पडतो. “झालं! विचारलंस!”

ते मुकाट्यानं हॉलमध्ये जातात, चपला काढतात, खुर्चीत बसतात आणि हात पुढे करतात. पाणी देण्यावाचून गत्यंतर नाही. ते घोट घोट पितात. पेला काही संपत नाही.

“आप्पा, अहो, धरणाचं पाणी सोडताहेत.”

“असू दे. घाईनं निघालेला माणूस घाईनंच रिकामा येतो.”

“मला मासा नकोय! मला फक्त एवढंच सांगा, तो कुठं…”

तिनं जीभ चावेपर्यंत उशीर झालेला असतो. पेला पुन्हा काठोकाठ भरलाय. आप्पा तिच्याकडे अशा नजरेनं बघतात, की जणू चित्र सुकायच्या आत तिनं त्यावर हात फिरवला. पुन्हा घोट. पुन्हा घोट. केतकीला ओरडावंसं वाटतं, पण कडेवर पोर झोपलंय.

पेला खाली ठेवून ते उठतात आणि फळ्याकडे वळतात. वर्ग रिकामा आहे. बाकांवर नुसत्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं ठेवल्यात. आप्पा खडूनं फळ्यावर अर्धा चंद्र काढतात, सुरेख, एका फटक्यात.

“आज तिथी काय?”

“मला काय माहीत? मला रेवाच्या लशींच्या तारखा पाठ आहेत.”

“वद्य अष्टमी. पक्षपंधरवडा चालू आहे म्हणून तर वाट मोकळी मिळाली मला. तुम्ही लोक वडे आणि खीर ठेवणार. मरळीचं कालवण ठेवावं असं एकाच्याही मनात येत नाही, ते सोड. अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो, सकाळी डोक्यावर येतो, दुपारी मावळतो. तो डोक्यावर असला की तलावातला मासा वर येऊन खातो. मावळला की तोंड मिटतो.”

“याला काही आधार आहे का, आप्पा?”

“आधार? इतकी वर्षं गळ टाकला मी. रिकामा आलो त्या प्रत्येक दिवशी तिथी चुकलेली होती.”

“आणि तिथी बरोबर असून रिकामे आलात ते दिवस?”

“तेव्हा वारा चुकला होता.”

“आणि वारा बरोबर असला तर?”

“तेव्हा कुणीतरी ‘कुठं’ विचारलेलं असायचं,” आप्पा निर्विकारपणे म्हणतात आणि बोटाला लागलेला खडू पायजम्याला पुसतात.

कॉलेजात केतकी सांख्यिकी शिकलीय. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे तिला तो जिवंत असतानाच कळलं होतं. संताप येतो तो याचा, की मेल्यावरही त्यात काही फरक पडलेला नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी आहे, पण कुणाला तोंडं नाहीत. ती आणि आप्पा प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी बसलेत. फरशीच्या जागी तलाव आहे. आप्पांनी त्यात गळ सोडलाय आणि बुचाचा तुकडा पाण्यावर हलकेच डुलतोय. रेवा तिच्या मांडीवर आहे. केतकी तिच्या कपाळाला हात लावून बघते. थंड आहे. फार थंड आहे. तिचा आवाज फाटतो.

“आप्पा, तुम्हाला काळजी कशी नाही? तुमचा मुलगा आहे तो!”

“काळजी आहे म्हणूनच आलोय. पण ठिकाणाचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. बायकोला कधी सांगितलं नाही, तुला कसं सांगू? तू बघून ठेवायचं होतंस.”

“बघून ठेवून काय होणार होतं? मासा काही तिथी पाळत नाही.”

“नसेल पाळत.”

आप्पा हे अगदी सहज कबूल करतात. बुचाचा तुकडा एकदा बुडतो, वर येतो. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो. मासा तिथी पाळतो की नाही याच्याशी तिला काय करायचंय? रणधीर पाळतो! बापानं शिकवलेलं तो अक्षर न् अक्षर पाळतो. मासा कुठं जाईल हे तिला शोधायचंच नाहीये.

“सकाळी चंद्र डोक्यावर,” ती घाईघाईनं म्हणते. “म्हणजे सकाळी तो माळावरच्या तलावाला गेला असणार. तुम्ही दोघं जायचात तिथं. तलावच! म्हणजे नदीवर नाहीच तो. देवा!”

आप्पा जिभेनं ‘च्च’ करतात. रेवाच्या दुधात माशी पडावी तसा तो आवाज तिच्या सुटकेत पडतो.

“आता काय?”

“चंद्र मावळला ना दुपारीच. मग तलावावर बसून काय करेल?”

“घरी येईल!”

“रिकाम्या पिशवीनं? माझा मुलगा?” त्यांना गंमत वाटते. “गोळा कशाचा नेलाय?”

“मला काय विचारता! गोळ्याचं नावही काढू नका माझ्यासमोर. सकाळी उठून बघते तर दुधाच्या पातेल्यात खाली हे एवढं चिकटलेलं. रेवाचं नाचणीसत्त्व! माझ्या आईनं मोड आणून, वाळवून, दळून पाठवलेलं. पोर आजारी, काही खात नाही, त्यात एक तेवढंच खाते, आणि हा माणूस ते शिजवून माशांना घालायला घेऊन गेला. घासून घासून नखं गेली माझी.”

“शिजवून?”

“शिजवून.”

“कच्चं पीठ नाही? पेंड नाही?”

“आप्पा, सांगतेय ना, शिजवून! डिंकासारखं झालं होतं.”

आप्पा गळ हळूहळू ओढून घेतात. त्यांच्या चेहऱ्यावरची चेष्टा गेलीय. पहिल्यांदाच ते तिच्या सासऱ्यांसारखे नाही, रणधीरच्या बापासारखे दिसतात.

“तलावाच्या पाण्यात पेंड चालते,” ते म्हणतात. “जागच्या जागी पडून राहते. शिजवलेली नाचणी ज्याला ओढ आहे त्या पाण्यासाठी. कितीही धार असली तरी गळाला धरून राहते. तो पहाटेच ठरवून गेलाय, पोरी. तलावाचं नुसतं निमित्त.”

“वाहतं पाणी,” केतकी म्हणते. “म्हणजे धरणाच्या खाली. पण नदी केवढी मोठी आहे! कुठल्या…”

ती शब्द तोंडातच गिळते. पेला भरत भरत थांबतो.

ते खडकावर उभे आहेत. खडक काळा आहे, मधे खोलगट, एका बाजूला मानेसारखा वर गेलेला. चारी बाजूंनी पाणी, हिरवट, बिनआवाजी. इथं ती कधीच आलेली नाही. तरीही हा खडक तिनं रोज पाहिलाय. हॉलमधल्या ज्या फोटोला हार घातलाय, त्यात आप्पांच्या खांद्यामागे हाच दिसतो. घोडेडोह. लग्नात पाहुण्यांना तो फोटो दाखवताना कुणीतरी हे नाव घेतलं होतं आणि आप्पांनी त्या माणसाला दटावलं होतं.

“घोडे…”

“मी काही बोललो नाही,” आप्पा ताबडतोब म्हणतात. ते तिचा डावा हात हातात घेतात. त्यांची बोटं ओली आणि गार आहेत. काठीचा दोर, तो पारदर्शक बारीक तंगूस, ते तिच्या बोटाला दोनदा गुंडाळतात. “डोळा चुकतो. बुचाकडे बघता बघता माणूस पेंगतो. बोट चुकत नाही. ओढ लागली की उठायचं.”

“आप्पा, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. तुमचं तो ऐकेल.”

“माझंच ऐकून तर बसलाय तिथं,” आप्पा म्हणतात. त्यांचा आवाज खाली जातो. “मी त्याला तिथी शिकवली, वारा शिकवला. धरण झालं त्याच्या कितीतरी आधीचं शिक्षण ते. कुणी वरून पाणी सोडेल हे माझ्या हिशेबात नव्हतंच गं.”

तिला त्यांना काहीतरी सांगायचंय. पण पाणी खडकाच्या खोलगट भागात शिरलंय, आप्पांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलाय, आणि बोटाला ओढ बसते. एकदा. मग इतकी जोरात, की दोर मांसात जातो.

केतकी ताडकन उठून बसते. रेवा रडत उठते. अंग गरम आहे, जिवंत गरम. खिडकीबाहेर अजून दुपारच आहे. आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर दोन बारीक लाल वळ आहेत, शेजारी शेजारी, खोल रुतलेले. ती अंगठ्यानं पुसून बघते. वळ ओले आहेत.

विचार करायला वेळ नाही. रडणारं पोर खांद्यावर टाकून ती फोनवर नकाशा उघडते. घोडेडोहाजवळच्या फाट्यावर एक चहाची टपरी सापडते, खाली नंबर. तिकडून एक बाई खणखणीत आवाजात बोलते, “कोन पायजे?”

“ताई, खाली डोहावर कुणी गळ टाकून बसलंय का? निळी टोपी, उंच, चष्मा आहे.”

“हाय की. मगाशी भजी खाऊन गेलाय. का वो?”

“त्यांना वर बोलवा. आत्ता. धरणाचं पाणी येतंय. पाया पडते तुमच्या.”

फोन तसाच चालू राहतो. चपलांचा आवाज लांब जातो. हाका ऐकू येतात, “ओ टोपीवालंऽऽ!” मग नुसता वारा. केतकी रेवाला थोपटत हॉलमध्ये येरझारा घालते. फोटोकडे बघायचं ती टाळते. किती वेळ गेला कुणास ठाऊक, आणि मग फोनमधून धापा टाकत एक ओळखीचा, चिडलेला आवाज येतो.

“केतकी, काय लावलंयस हे? मासा लागला होता मला! केवढा होता! आणि तुला कसं कळलं मी इथं…”

तो मधेच थांबतो. मागे धरणाचा भोंगा वाजतोय. भोंग्याच्या मागून आणखी एक आवाज येतो, जड, सरकत येणारा. रणधीर म्हणतो, “खडक गेला.”

तिला त्याला खूप शिव्या द्यायच्यात. सत्त्वाच्या पातेल्यापासून सुरुवात करायची आहे. ती खाली फरशीवर बसते आणि पोराच्या मानेत तोंड खुपसते.

पण हे इथं संपत नाही, तिचा जीव अजून टांगणीलाच आहे. फोन ठेवता ठेवता टपरीवालीचा आवाज आला: “ह्या टोपीवाल्यांची गाडी हितं हाय. पर आनी एक लाल मोपेड सकाळधरनं हुबी हाय. म्हातारं मानूस हुतं, काठी घेऊन डोहाच्या खालच्या अंगाला गेलं. नाव नाय म्हाईत. हाका मारतोय आमी, वर आल्यालं नाय अजून.”

रणधीर आणि टपरीवालीचा नवरा काठाकाठानं त्यांना शोधायला गेलेत. पण कुणाचे आहेत ते, हे कुणालाच माहीत नाही. त्यांच्या घरातही ते निघताना कुणी काही विचारलं नसणार.

म्हणून केतकीचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरातलं, शेजारचं, ओळखीतलं कुणी म्हातारं माणूस आज सकाळी काठी घेऊन लाल मोपेडवर बाहेर पडलं असेल, तर हे वाचायचं थांबवा आणि त्यांना फोन लावा. लागला, तर पहिलाच शब्द ‘कुठं’ असू द्या. नाही लागला, तर घोडेडोहाच्या फाट्यावर कळवा, म्हणजे त्यांना कुठल्या नावानं हाक मारायची ते तरी कळेल.