पान न तोडता

वडगाव रासाईच्या सोपानरावांचा सगळा जीव उसात. त्यांच्याकडचं मीटर पानावर उजेड टाकायचं आणि परत आलेल्या उजेडावरून पानातलं हरितद्रव्य सांगायचं. पान तोडायची गरजच नाही. आकडा जरा उतरला की त्याच दिवशी खताचा डोस!

सून करिश्मा खताची बादली घेऊन मागं. एकदा ती म्हणाली, "आबा, डोळ्यांपुढं अंधारी येतीय." आबांनी मीटर तिच्या तळहातावर धरलं आणि खुरपणाऱ्या बायांना ओरडून सांगितलं, "आकडाच येत न्हाई! हिच्यात कायच न्हाई!" बाया फिदीफिदी हसल्या. करिश्माही हसली, न हसून करते काय?

पुढच्या आठवड्यात ती सरीतच कोसळली. दवाखान्यात नर्सनं तिची पापणी ओढली, तर आतून पांढरीफटक. रक्त तपासायला सुई काढली तसे आबा भडकले, "टोचता कशाला? आम्ही पानसुद्धा तोडत न्हाई."

रक्ताची बाटली लागायच्या आत ते शेतावर परतले. ती पडली तिथला ऊस आडवा झाला होता. आबांनी उकिडवं बसून मोडलेल्या पानाला मीटर लावलं. आकडा चांगला होता.

"सोन्यासारखा ऊस," ते कळवळले. "पडायला हिला बांध दिसला न्हाई व्हय?"