हस्तीमलभाऊंच्या हाताचा गुण

चोपड्याच्या बाजारात हस्तीमलभाऊंचं मेडिकल आहे. घराणं मारवाडातून आलेलं, पण भाऊ पक्के खानदेशी. गिऱ्हाईक दुखणं सांगे, भाऊ पट्टीतून थोड्या कॅप्सूल कापून देत. डॉक्टरची चिठ्ठी त्यांनी कधी मागितली नाही. "भाऊ, तुन्हा हातले गुण शे," माणसं म्हणत, आणि भाऊ लाजून हसत. त्या बोलण्यावरच त्यांचं आयुष्य उभं होतं.

अभिमन त्यांचा जुना दोस्त, केळीच्या बागेत राबणारा. ताप येवो की पायात काटा मोडो, तो दुकानाच्या पायरीवर येऊन बसे. दोन कॅप्सूल पोटात घ्यायचा, उरलेल्या उघडून त्यांची पूड जखमेत भरायचा. बरं वाटलं की औषध बंद.

"दिलेल्या सगळ्या घे रे," भाऊ म्हणत.

"तू काय मन्हा सासरा शे का?"

यंदा घड कापताना त्याच्या पोटरीला कोयता लागला. भाऊंनी नेहमीच्या कॅप्सूल दिल्या, मग भारीतल्या दिल्या. पाय सुजतच गेला. शेवटी भाऊंनीच गाडी करून त्याला धुळ्याला नेलं.

तिथली डॉक्टरीण म्हणाली, "यांच्या जखमेतले जंतू आता कुठल्याच साध्या औषधाला दाद देत नाहीत. अर्धवट औषधांनी ते असे निर्ढावतात. आधी काय काय घेतलंय?"

भाऊ एकेक नाव सांगू लागले. "चिठ्ठीशिवाय तुम्हीच दिलीत?" डॉक्टरणीनं विचारलं.

अभिमन तापानं फणफणला होता, तरी म्हणाला, "बाई, त्याले नको बोलू. मन्हा डॉक्टर तोच शे."

तिथंच तो गेला.

तेरावं झाल्यावर त्याची बायको भिकुबाई दुकानावर आली. शिव्या खायच्या तयारीनं भाऊ उठून उभे राहिले.

"भाऊ, मन्ही सून ज्योतीले ताप शे. त्या लाल-पिवळ्या कॅप्सूल दे."

"अक्का, ज्योतीला डॉक्टरकडे ने. चिठ्ठीशिवाय मी नाही देणार."

भिकुबाई चिडली. "मन्हा माणूस गया, म्हनीसन आते आम्ही परका व्हयनूत का?"

"तसं नाही, अक्का. त्याच गोळ्यांनी तर अभिमन..."

"त्याच गोयासवर तो इतला साल जगना!"

भिकुबाईनं पदर ओढून घेतला आणि समोरच्या दुसऱ्या मेडिकलची वाट धरली. भाऊ अनवाणीच रस्त्यात धावले. "अक्का, थांब!"

ती बाहेर आली तेव्हा कागदाची पुडी तिच्या मुठीत होती. भाऊंच्या अंगावरून ती गेली, परक्या माणसाजवळून जावं तशी.