सव्वीस हातांचा मचवा

बोटीची लांबी मोजणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. टेप धरायची कुठून आणि सोडायची कुठे, सगळी मारामारी तिथेच. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यावर तिरकं झेपावलेलं असतं. तिच्याही पुढे शिडासाठी लाकूड निघालेलं असतं. मागे सुकाणू लोंबत असतं. आमचा नियम असा, की नाळेच्या बाहेरच्या अंगापासून मागच्या उभ्या खांबापर्यंतचं अंतर, तीच लांबी. पुढचं लाकूड धरायचं नाही, सुकाणू धरायचं नाही. फुटाच्या वर इंच आला तर पुढचा पूर्ण फूट लावायचा. धक्क्याचं भाडं या आकड्यावर ठरायचं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जागाही. चाळीस फुटांपर्यंतच्या बोटी दगडी भिंतीच्या आड, शांत पाण्यात. त्यावरच्या बाहेर, उघड्यावर, मोठ्या मालवाहू पडावांच्या शेजारी.

शहराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात मी माप घेणारा कारकून होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. वय चोवीस. राहायला ठाकूरद्वारला, सकाळी ट्रामने यायचं, संध्याकाळी शक्य तितक्या लवकर पळायचं, कारण रोज कुठे ना कुठे सभा असायची. माझा घसा तेव्हा कायम बसलेला असे. आज हे लिहिताना मला त्या आवाजाची लाज वाटते. घोषणांची नाही, आवाजाची.

त्या हंगामात मालवणकडचा एक तांडेल नवा मचवा घेऊन आला. कौलं, नारळ, सुकी मासळी आणायचा. मचवा दोन भावांचा, निम्मा निम्मा. थोरला समुद्रावर, धाकटा लालबागला गिरणीत. बांधतानाच दोघांचं वाजलं होतं. धाकटा म्हणत होता पंचवीस हाती बांध, थोरल्याने हट्टाने सव्वीस हाती बांधला. त्यांच्याकडे मचवा फुटावर बांधत नाहीत. जो तांडेल चालवणार त्याचाच हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, तेच सुताराचं माप. हे सगळं त्याने मला पहिल्याच दिवशी, न विचारता सांगितलं. चारदा. त्याला मचव्याबद्दल बोलायला कोणीही चालायचं.

त्याचं माप घ्यायचं होतं त्या दिवशी हरताळ होता. टेपचं दुसरं टोक धरणारा शिपाई आलाच नाही. परळला पाचची सभा, आणि घड्याळात सव्वाचार. खरं तर बूट काढून मचव्यावर चढायला हवं होतं. नाळेवर हळदकुंकू असतं, तिथे कोणी बुटाने जात नाही. माझ्या बुटाला लांब नाड्या होत्या. हे कारण म्हणून सांगत नाही, तसं घडलं म्हणून सांगतो. टेपचं टोक मी तांडेलाच्या हाती दिलं, त्याला नाळेवर उभं केलं आणि स्वतः धक्क्यावरूनच चालत मागपर्यंत गेलो.

तिकडून तो ओरडला, "साहेबानू, सुकाणू उतरवू काय?"

"राहू दे, मी वजा करतो."

"जावा, जावा. तुमची सभा चुकात. थंय आमच्या नावानय एक बोंब मारा!"

सुकाणूसकट एक्केचाळीस फूट दोन इंच. मी आकडा वहीत टाकला, वजाबाकी उद्या करू म्हणालो, आणि पळालो. सभा मोठी झाली. कष्टकरी मराठी माणसाच्या नावाने मी गळा फाटेस्तोवर ओरडलो.

वजाबाकी राहिली. तिसऱ्या दिवशी जागांची यादी फळ्यावर लागली, तेव्हा त्याचा मचवा बाहेरच्या रांगेत होता. तो कचेरीत आला. भांडायला नाही, समजून घ्यायला.

"साहेबानू, हय काय तरी चूक असतली."

मी वही उघडली, वजाबाकी केलेलीच नव्हती. चूक माझी, तीही अगदी साधी. लाल शाईने आकडा खोडायचा, साहेबांची सही घ्यायची, संपलं. पण सही घ्यायची म्हणजे खुलासा द्यायचा. हरताळाच्या दिवशी मी किती वाजता निघालो, हेही निघालं असतं. कोण सभांना जातं यावर साहेबांचा डोळा होताच. नोकरी गेली नसती. फार तर एक शेरा बसला असता. एवढ्याशासाठी मी म्हणालो, "टेप काय खोटं सांगते?"

त्याने बाही वर केली आणि उजवा हात माझ्या टेबलावर आडवा ठेवला. "फुटाचा माका काय कळना नाय. ह्या हातान सव्वीस. मापा तुम्हीच."

मी टेप लावली. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत बरोबर अठरा इंच. अठरा इंचांचे सव्वीस हात, म्हणजे एकोणचाळीस फूट. भिंतीच्या आत. माझं गणित चांगलं होतं. वहीतला आकडा खरा ठरायचा तर हा हात किती इंच असायला हवा, ते मी मनातल्या मनात उलटं मांडलं आणि मोठ्याने वाचलं, "एकोणीस."

त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, आकडेही नाही. तो टेपकडे बघतच नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"एकोणीस म्हंजे चाळिसाच्या वर होता काय?"

"होतं."

तो हात उलटसुलट करून बघत राहिला, मग हसला. "म्हंजे माझोच हात मोठो. आता कोणाक दोष देऊ?" जाताना म्हणाला, "तुम्ही होतात म्हणान बरा. दुसऱ्या कोणी माका इतक्या समजावन सांगितला नसता."

कार्तिकात वारा फिरला. दोन दिवस समुद्र खवळलेला. आतल्या बोटी नुसत्या डुलत होत्या. बाहेर त्याच्या मचव्याचा नांगर घसरला आणि शेजारच्या पडावाने त्याला भिंतीवर दाबून धरलं. माणसं उड्या टाकून वाचली. मचवा वाचला नाही. फळ्या दोन दिवस धक्क्याला लागत होत्या, आणि मी खिडकीकडे पाठ करून बसलो होतो.

तांडेल गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. पुढे कायम झाला. हे मला बंदरावरच्या लोकांकडून कळत गेलं. लालबागच्या एकाच चाळीत, एकाच गॅलरीत, दोन खोल्यांचं अंतर ठेवून दोघे भाऊ राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, हेही कळलं. धाकट्याचं म्हणणं एकच. माझं ऐकून पंचवीस हाती बांधला असता तर आत बसला असता, तुझ्या हट्टाने बुडाला. एकोणीस इंची हाताचे पंचवीस, म्हणजे चाळिसाच्या आतच की. माझ्या खोट्या आकड्याने त्याचं गणित अचूक जुळत होतं.

वीस वर्षं मी गप्प राहिलो. राज्य झालं, पेढे वाटले, माझ्या दोन बढत्या झाल्या. बायकोलाही बोललो नाही. धीर आला म्हणून गेलो असं नाही. थकलो होतो, म्हणून गेलो.

गेल्या चैत्रातल्या एका रविवारी सकाळी लालबागला तांडेलाच्या खोलीवर गेलो. त्याने मला ओळखलं, खाटेवर जागा केली, बायकोला चहा टाकायला सांगितलं. चहा यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. सुकाणू, वजाबाकी, टेबलावरचा हात. अठरा.

त्याने आपला उजवा हात पुढे धरून एकदा बघितला. मग एवढंच विचारलं, "थंयच सांगितला असतात तर आत जागा गावली असती?"

"हो. दुसऱ्याच दिवशी."

"माका सांगितलात. आता त्याका सांगा."

तो उठला आणि दोन दारं सोडून तिसऱ्या दारात जाऊन उभा राहिला. आत धाकटा दाढी करत होता, अर्ध्या गालावर साबण. थोरला बाजूला सरकला. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा सांगणं सोपं होतं, हे तेव्हा कळलं. या वेळी ऐकणारे दोघे होते, आणि गॅलरीत आणखी चारजण थांबले होते.

धाकट्याने वस्तरा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. भावाला म्हणाला, "तरी नांगर हलकोच होतो."

"हलको? तू आणलंस तो!"

"मी आणलंय. साखळी कोणी बदलल्यान? माका इचारलंस?"

"तुका इचारूक तू खय होतस? गिरणीत!"

"मगे चिठी धाडूची!"

आवाज चढत गेले. थोरला बोलता बोलता उंबरा ओलांडून आत गेला. धाकट्याच्या गालावरचा साबण सुकत होता. चहा घेऊन आलेली थोरल्याची बायको कप हातात धरून माझ्या मागे उभी होती, आणि आत जाऊ की नको हे तिला कळत नव्हतं. मला कोणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. थोडा वेळ मी तसाच उभा राहिलो, मग जिना उतरलो. खाली रस्त्यावर आलो तरी वरचा नांगराचा वाद ऐकू येत होता.