चंचीतली अर्धी गोळी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही खूप असतील. चौथीच शिकले. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

इंदापूरला बँकेच्या दारात मी पेरू विकायचे, तेव्हाचे ते आबा. बोलायची लाज, म्हणून नाव कधी विचारलं नाही. साखर कारखान्यातून रिटायर झालेले. महिन्याला पेन्शन घ्यायला यायचे आणि माझ्या पाटीजवळ लिंबाखाली डोळे मिटून बसायचे. पानांतलं ऊन त्यांच्या धोतरावर हलायचं. बघता बघता मला वाटायचं, हे पाण्याखालीच बसलेत. आजही दुपारी डोळा लागला की ती सावली दिसते.

एका महिन्याला पेन्शन आलीच नाही. पायरी उतरताना त्यांना चक्कर आली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या. मी गोळ्यांसाठी चाळीस रुपये त्यांच्या हातात ठेवले.

"फेडीन हां पोरी," ते म्हणाले.

पुढं पेन्शनच्या दिवशी दहा-दहा रुपये यायला लागले. शेवटचे दहा काढायला त्यांनी चंची उघडली, तेव्हा सुपारीच्या खांडांत अडकित्त्यानं कातरलेल्या अर्ध्या गोळ्या दिसल्या.

"आबा, गोळी अर्धी का?" मी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"येवढ्याशा पेन्शनीत तुझं बी बसवायचं, तर गोळीला कातरावं लागतंय," ते हसले. "आता फिटलं न्हवं? उद्यापासनं अख्खी."

मी हात मागं घेतला. त्यांनी माझ्या मुठीत नोट दाबली. चाळीसच्या चाळीस रुपये फिटले.